हार्प डाव्या खांद्यावर

४ जून, मंगळवार

हार्प घरी आणली. उंची एकशे छत्तीस सेंटिमीटर. वजन पंधरा किलो दोनशे ग्रॅम. दुकानातल्या काट्यावर तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेवढंच भरलं. तारा छत्तीस हव्यात, शाबूत सत्तावीस.

गेलो होतो काटा उतरवायला. ते मोठं हॉटेल बंद झालं. त्यांच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा मीच बसवलेला, आणि अठरा वर्षं वर्षातून दोनदा मीच तपासलेला. दुसऱ्या कुणी तो पान्याने ओरबाडून काढावा हे मला चालणार नव्हतं. काम आटोपून जेवणाच्या हॉलमधून निघालो तर कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी उभं. मॅनेजर म्हणाला, "न्यायची तर न्या, काटेवाले. उद्या भंगारवाला येतोय, तो काय हिची पूजा करणार आहे?" चादर ओढताना माझ्या बोटाचा धक्का एका तारेला लागला.

हे नीट लिहून ठेवतो. वाजवायचा हेतू नव्हता, नुसता धक्का. तरी आवाज पुरा आला, गोल, कुठेही खरखर नाही. बासरीतून पहिले सहा महिने नुसती हवा निघते. व्हायोलिन वर्षभर बिजागरीसारखं कुरकुरतं. या वाद्याने मात्र माझ्यासारख्या अडाण्याच्या धक्क्यालाही सरळ उत्तर दिलं. आणि तो आवाज लगेच विझला नाही. मॅनेजर किल्ल्यांचा जुडगा मोजत होता, तेवढा वेळ हॉलमध्ये फिरत राहिला.

हिला अजून सांगितलेलं नाही. ही, म्हणजे माझी बायको, तिच्या थोरल्या बहिणीकडे आहे. अक्का पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं करायला दोन मेला गेली, सहा आठवड्यांसाठी. म्हणजे तेरा जूनला परत.

त्याच हॉलमध्ये एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं जेवलो होतो. खिडकीपासून तिसरं टेबल. एक बाई हार्प वाजवत होत्या. हिने चमचा खाली ठेवला आणि सूप पार गार होईपर्यंत ऐकत राहिली. मला पक्कं आठवतं, कारण त्या चमच्याचा तोल दांड्याकडे का झुकतो ते मी तिला तेव्हाच समजावून सांगत होतो.

ती येईल तेव्हा तीच चाल वाजवून दाखवायची, असं ठरवलंय. तुटक्या तारा नऊ आणि दिवसही नऊ.

९ जून, रविवार

तारा आल्या. प्रत्येक तार पेटीच्या आतून गाठ मारून वर काढायची असते. ती गाठ कशी असते हे कुणाला विचारलं नाही. एक जुनी गाठ सोडवली, परत बांधली, परत सोडवली. चौथ्या खेपेला माझी गाठ मूळच्या गाठीपेक्षा सुबक आली. आयुष्यात मी कुणाकडे शिकायला गेलेलो नाही. काटे, घड्याळं, पाण्याचा पंप, सगळं उघडून बघून शिकलो. शिकवणारा माणूस स्वतःच्या चुकाही शिकवतो.

स्प्रिंगच्या काट्याने तारांचा ताण अंदाजे काढला. सगळ्यांचा मिळून पाचशे किलोच्या वर. एवढं ओझं ही पातळ लाकडाची पेटी दिवसरात्र सोसते आणि हूं की चूं करत नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळायचंही नाही.

हॉटेलातून एक पुठ्ठ्याची पाटीही आणली आहे, जेवणाच्या हॉलच्या दाराशी लावलेली असायची. तीवर त्या वादक बाईंचा मोठा फोटो आहे. कसं बसायचं, हात कुठे, मनगट किती वर, सगळं त्यात आहे. भिंग लावून पाहिलं. कोनमापकाने हार्पचा कल मोजला, अठ्ठावीस अंश. हार्प डाव्या खांद्यावर टेकवायची. चारच बोटं वापरायची, करंगळीला सुट्टी. बाईंच्या उजव्या मनगटावर घड्याळ आहे, डावखुऱ्या असाव्यात. तीही नोंद केली. नुसतं बघणं आणि निरीक्षण यात फरक असतो.

१३ जून, गुरुवार

सकाळी घर झाडलं. हार्पवर चादर टाकून ठेवली. गाडी साडेचारला पोचते.

दोन वाजता फोन आला. "अहो, मी अजून थोडे दिवस थांबते."

"थोडे म्हणजे किती?"

"बघू. अक्काला अजून आधार लागतो."

मी म्हटलं, खुब्याला तीन महिने धरून चालायचे, त्यामुळे तुझा सहा आठवड्यांचा अंदाजच मुळात चुकीचा होता. ती म्हणाली, "हो, चुकीचाच होता."

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या हॉटेलात हार्पवर कुठली चाल वाजत होती, आठवतं?"

 मला वाटलं लाइन गेली.

"तुम्हाला आठवतंय ते?"

"खिडकीपासून तिसरं टेबल."

"चाल नाही आठवत," ती म्हणाली. "तुम्ही बोलत होतात ना."

म्हणजे तिलाही आठवत नाही. हार्पबरोबर आलेल्या खोळीच्या कप्प्यात एक चालींची वही सापडली आहे, त्यातलीच एखादी बसवतो. उशिरा येतेय हे एका परीने बरंच झालं. नऊ दिवसांत काही झालं नसतं.

२२ जून, शनिवार

नवी तार म्हणजे नवा जावई, रोज समजूत काढावी लागते. सकाळी स्वरात लावावी, दुपारी उतरलेली. एक चढवली की तिच्या शेजारची ढिली पडते. सूर दाखवणारं एक छोटं यंत्र घेतलंय, त्यात सुई असते. सुई मधोमध आली की स्वर बरोबर. हे मला पटलं. कान माणसागणिक वेगळा असतो, सुई सगळ्यांना सारखीच. छत्तीस तारा लावायला एक तास दहा मिनिटं लागली.

संध्याकाळी रेडिओवर बाई म्हणाली, "सुमारे दोन किलोमीटर लांबीचा पूल." मी मोठ्याने म्हणालो, "एक किलोमीटर आठशे चाळीस." एरवी आतून "कळलं" असा आवाज येतो. आज नाही आला.

७ जुलै, रविवार

हार्प बनवणाऱ्याची एक ढोबळ चूक सापडली. प्रत्येक तारेच्या माथ्याशी एक पितळी खटका असतो. तो वर केला की स्वर अर्धा चढतो. सगळे खटके त्याने मानेच्या डाव्या बाजूला बसवलेत. हार्प डाव्या खांद्यावर घेतली की माझं डोकं उजवीकडे येतं आणि खटके पलीकडच्या अंगाला जातात, दिसतच नाहीत. वाजवणाऱ्याने वाजवायचं की चाचपडायचं? एवढी सुंदर वस्तू बनवणाऱ्याला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं नवल वाटलं.

उपाय काढला. जुन्या चांगल्या मीटरमध्ये सुईमागे आरशाची पट्टी असते. सुई आणि तिचं प्रतिबिंब एकावर एक आलं की वाचन अचूक. त्याच धर्तीवर स्कूटरचा आरसा लोखंडी सळईला बसवून हार्पच्या पलीकडे उभा केला. आता सगळे खटके स्वच्छ दिसतात.

खाली तळमजल्यावर शिंप्याचं दुकान आहे. तो जिना चढून आला. "काटेवाले, वर काय जाळी विणताय का? दोन महिने टंग टंग चाललंय. माझं गिऱ्हाईक माप देताना वर बघतं, गळ्याचं माप चुकतं."

दोन महिने नाही, चौतीस दिवस. तसं सांगितलं.

त्याने आरसा पाहिला. "हे काय? हार्पने ओव्हरटेक करायचंय?"

मी आरशामागचं तत्त्व समजावून सांगितलं. त्याला हसूच आवरेना. जाताना दारात थबकून म्हणाला, "वहिनी कधी येणार?"

"अक्का चालायला लागल्या की."

"बरं," म्हणाला, आणि पुढची थट्टा न करता खाली गेला. त्याच्या स्वभावात हे बसत नाही.

१९ जुलै, शुक्रवार

सकाळी दहाला फोन केला. फोन अक्कांनी उचलला. जरा धापा टाकत होत्या. म्हणाल्या, "गच्चीत कपडे वाळत घालत होते, धावत आले."

"ही कुठाय?"

"ती सकाळी नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे बाहेर असते. संध्याकाळी करा." मग थोडं थांबून, "तुमचं जेवणखाण?"

मी म्हटलं, वेळच्या वेळी. औषधाचं दुकान लांब असावं, म्हणून हिची सकाळ त्यातच जात असेल. संध्याकाळी करणार होतो, पण सहाव्या ओळीतला बोटांचा क्रम जमत आला होता, राहून गेलं.

३ ऑगस्ट, शनिवार

झालं. वहीतली चौथी चाल. एकशे अठ्ठावीस स्वर, एकही चूक नाही, सलग तीनदा.

वहीत उजव्या हाताला 'उ' आणि डाव्याला 'डा' अशी खूण आहे. फोटोतल्या हातांशी ती जुळत नव्हती. ज्याची वही तो उजव्या हाताचा असणार आणि फोटोतल्या बाई डावखुऱ्या, असा निष्कर्ष काढला आणि सगळ्या खुणा उलट्या करून घेतल्या. दोन पुराव्यांत विरोध आला की तो असा सोडवायचा असतो.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. हिलाच फोन केला.

"तुझ्यासाठी काहीतरी केलंय."

"माझ्यासाठी?" आवाज बदलला. "काय?"

"आलीस की कळेल."

"अहो, ऐका ना. मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं. मी इथे..."

तेवढ्यात मला आठवलं की तिकडे हवा दमट आहे. मी तिला दमट हवेत लाकूड कसं फुगतं ते सांगितलं, म्हणजे पुढे उलगडा झाल्यावर तिला संगती लागेल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठेवते."

ती काय सांगणार होती ते राहिलं. महत्त्वाचं असेल तर पुन्हा सांगेल.

फोन ठेवल्यावर चाल आणखी दोनदा वाजवली, बिनचूक. हार्प अंगाला टेकलेली असते, त्यामुळे खालच्या तारा आधी छातीत वाजतात आणि मग कानाला ऐकू येतात. खोलीत दुसरं कुणी आहे असं क्षणभर वाटतं. शेवटची तार तळव्याने थांबवावी लागते, नाहीतर ती वाजतच राहते. आज थांबवली नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

आजची नोंद करायची नव्हती. करतो.

शिंपी माझ्या सदऱ्याची कॉलर उलटून घेऊन आला. मी म्हटलं, आलाच आहात तर बसा, ऐका. पहिलाच श्रोता. तो खुर्चीत बसला. मी वाजवली. संपल्यावर मान वर केली तर हा माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या फोटोकडे बघतोय.

"कशी वाटली?"

"चांगली आहे. काटेवाले, रागावू नका, पण या बाईंचा कोट कुणी शिवलाय?"

"कोटाचं काय?"

"बायकांच्या कोटाला बटणं डाव्या अंगाला, काजं उजव्या. इथे उलटं आहे."

"पुरुषाचा कोट घातला असेल."

"चिमटे बघा छातीखालचे. बाईच्याच मापाचा आहे." तो उठला, फोटोला नाक लावून उभा राहिला. "आणि वरचा खिसा उजवीकडे. तीस वर्षांत उजवीकडे खिसा शिवलेला नाही मी."

"शिंपी चुकला असेल."

"एक चूक शिंप्याच्या हातून होते. बटणं, काजं आणि खिसा, तिन्ही उलटं करणारा शिंपी उपाशी मरतो." मग एकदम हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, "कोट बरोबर आहे, काटेवाले. फोटो उलटा छापलाय."

मी त्याला म्हटलं, तुम्ही मापं घ्या. तो गेला. कॉलरचे पैसे न्यायला विसरला.

मग भिंग घेतलं. उजव्या मनगटावरचं घड्याळ. घड्याळ खरंच उजव्या मनगटावर बांधलं तर चावीचा खुंटा कोपराकडे जातो. इथे पंजाकडे आहे. घड्याळ मी नऊ जूनला पाहिलं होतं. लिहूनही ठेवलं होतं. खुंटा पाहिला नव्हता.

म्हणजे उजवा खांदा. वहीतल्या खुणा बरोबर. खटके बरोबर. बनवणाऱ्याची कसलीच चूक नव्हती. अडीच महिने मी एका सरळ वस्तूवर उलटा बसलो होतो आणि समोर आरसा लावून तिलाच दोष देत होतो.

हार्प उजव्या खांद्यावर घेऊन पाहिली. दोन्ही हातांना काहीही येत नाही. पहिले चार स्वरसुद्धा नाहीत.

२९ ऑगस्ट, गुरुवार

अकरा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. तीन काटे दुरुस्त केले. हार्पवर चादर आहे. फोन एकदा केला, अक्का म्हणाल्या, झोपलीय, मग मीही म्हटलं, असू दे.

आरसा उतरवून ठेवला.

५ सप्टेंबर, गुरुवार

हॉटेलच्या मॅनेजरकडून फोटोतल्या बाईंचा पत्ता मिळवला. दोन बस बदलून गेलो. संगीतशाळेच्या मागची खोली, त्यांचा वर्ग गुरुवारीच असतो. आता साठीच्या असतील. दार उघडल्याबरोबर मी सांगितलं, "तुमचा फोटो उलटा छापलाय."

त्या म्हणाल्या, "आत या. चप्पल काढा."

फोटोचं ऐकून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. तेव्हाही हसल्या होत्या म्हणे. नवी पाटी छापायला हॉटेलवाला तयार नव्हता. मग मी डाव्या खांद्याचं सांगितलं. तेव्हा मात्र हसल्या नाहीत.

"किती महिने?"

"अडीच."

"आणि एकदाही कुणाला विचारलं नाहीत?"

मी म्हटलं, मी विचारत नाही. त्या म्हणाल्या, "असं."

त्यांनी मला त्यांच्या हार्पशी बसवलं, उजव्या बाजूने. मी खिशातून सुईचं यंत्र काढलं. त्यांनी ते उचललं आणि खिडकीत ठेवलं. "एक तार वाजवा. आवाज संपला की सांगा."

वाजवली. थांबलो. "संपला."

"नाही."

परत वाजवली. जास्त थांबलो. "आता संपला."

"नाही. तुम्ही बोललात, म्हणून तुम्हाला ऐकू आला नाही."

तासभर एवढंच केलं. एकच तार. एवढ्यासाठी दोन बस बदलून जाणं शहाणपणाचं नाही. पण अकराव्या-बाराव्या वेळी आवाजाच्या पोटात आणखी एक बारीक, वरचा आवाज ऐकू आला, मूळचा विझल्यावरही राहणारा. तो माझ्या हार्पमध्येही नक्की असणार. मी कधी ऐकला नव्हता.

निघताना मी विचारलं, हॉटेलात कधी कुणी ऐकायचं का?

"जेवायला आलेली माणसं. ती बोलतात." मग म्हणाल्या, "वर्षा-दोन वर्षांतून एखादी व्यक्ती चमचा खाली ठेवायची. त्या दिवशी मी बस सोडून चालत घरी जायची."

मी त्यांना टेबलाचं सांगणार होतो. सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

चौथा वर्ग. उजवा हात सुधारतोय, डावा अजून रुसलेला. बाई म्हणतात, बोटांना विसरायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. चालीतले पहिले बारा स्वर येतात, तेही एखाद्या आजोबांनी रस्ता ओलांडावा तसे.

परतताना बसमध्ये शेजारचा माणूस म्हणाला, हा डेपो साधारण पंधरा वर्षं जुना असेल. तेरा. मी काही बोललो नाही. त्याने मग त्याच्या मुलीचं सगळं सांगितलं, उतरेपर्यंत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

हिचा फोन. रविवारी येतेय. अक्काही बरोबर. दुपारी येतील, संध्याकाळी निघतील.

"संध्याकाळी?" मी म्हटलं.

"गरम कपडे न्यायचेत. आणि माझे कागद."

या वेळी मी काही समजावून सांगितलं नाही. काय समजावायचं तेच सुचलं नाही.

तीन दिवस एकच विचार चालू आहे... नाही, तीन दिवस झालेच नाहीत, दोन तास झाले. विचार असा. डाव्या खांद्यावर घेतली तर पूर्ण चाल येते, एकशे अठ्ठावीस स्वर, बिनचूक. ती भारावून जाईल. तिला कुठे माहीत खांदा कुठला. उजव्यावर बारा स्वर, तेही अडखळत. बाईंनी डावा खांदा पूर्ण बंद सांगितलाय. एकदा जरी केलंत तर महिना मागे जाल, म्हणाल्या.

रविवार एकच आहे. महिने पुढेही आहेत.

६ ऑक्टोबर, रविवार

आल्या. अक्का अडतीस पायऱ्या मध्ये कुठेही न थांबता चढल्या. मी म्हटलं, खुबा छान जुळला. कधीपासून चालताय?

"जुलैपासून," अक्का म्हणाल्या आणि हिच्याकडे बघितलं. हिने खाली बघितलं.

जुलै.

अक्का लगेच म्हणाल्या, "मी खाली शिंप्याकडे बसते. ब्लाउजचं विचारायचंय." आणि अडतीस पायऱ्या परत उतरल्या.

ही बारीक झाली आहे. केस कापलेत. छान दिसतात, असं म्हणायला हवं होतं. कपाटातून तिने तिचं तिचं काढलं, पिशवी भरली, पटकन, घरी ठरवून आल्यासारखी. मग म्हणाली, "मी सध्या तिकडेच राहणार आहे."

"सध्या म्हणजे नक्की कि..." इथे थांबलो.

ती माझ्या पुढच्या शब्दांची वाट बघत उभी राहिली. सव्वीस वर्षांत ती सवय लागली असणार. ते आलेच नाहीत, तेव्हा खोलीत इकडेतिकडे बघू लागली, आणि तिला चादर दिसली.

"हे काय?"

चादर काढली. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

मी स्टुलावर बसलो. हार्प उजव्या खांद्यावर घेतली. बारा स्वर वाजवले. सातवा चुकला, परत घेतला, दहाव्यानंतर हात कुठे न्यायचा तेच आठवेना, म्हणून पहिल्यापासून वाजवले. बाराव्यानंतर म्हटलं, "एवढंच येतं."

"कुणी शिकवलं?"

"एक बाई आहेत. दर गुरुवारी जातो."

"तुम्ही? शिकायला?" ती हसली. थट्टेचं हसू नव्हतं. मग म्हणाली, "मी बसू?"

मी उठलो. ती बसली आणि कुणी न सांगता हार्प उजव्या खांद्याला टेकवली. माझ्या तोंडाशी कायकाय आलं. पाठ सरळ, अठ्ठावीस अंश, करंगळी बाजूला. तिने एका बोटाने खालची पहिली तार वाजवली आणि ती संपेपर्यंत थांबली. मग दुसरी. मग तिसरी. सगळ्या छत्तीस. मी भिंतीला टेकून उभा होतो. किती वेळ गेला ते पाहिलं नाही. वरून पाचवी तार उतरलेली होती. सुई नव्हती तरी मला ऐकू आलं. तिलाही आलं.

"ही उतरलीय ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वाजवत होतीस."

तिने हार्प हळूच सरळ केली. हात मात्र पेटीवर ठेवला होता. ती माझ्याकडे बघत राहिली, दुकानात नवीन आलेल्या वस्तूकडे बघावं तशी, घ्यायची आहे असं नाही, पण कशाची बनलीय ते बघावं. खालून अक्कांची हाक आली, रिक्षा थांबलीय.

पिशवी मी खाली नेली. जाताना ती म्हणाली, "शुक्रवारी फोन करीन. संध्याकाळी."

घर आता जितकं रिकामं आहे तितकं दोन मेपासून कधीच नव्हतं. ती परत येणार नाही. हे इथे पहिल्यांदा लिहितोय. जूनमध्येच लिहायला हवं होतं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

काल वर्गात पंधरा स्वरांपर्यंत गेलो. आज फोनवर तिला काय काय सांगायचं त्याची यादी केली होती, नऊ मुद्दे. फोन सहा वाजून दहा मिनिटांनी आला. यादी समोर होती.

मी म्हटलं, "जुलैपासून सकाळी कुठे जातेस?"

 ती म्हणाली, मुलांच्या वाचनालयात. नोकरी आहे. पुस्तकं लावते आणि अकरा वाजता लहान मुलांना वाचून दाखवते. एक मुलगी रोज येते, एकच पुस्तक मागते आणि शेवटचं पान वाचू देत नाही.

एवढंच इथे लिहितो. बाकी बरंच बोलली, चाळीस-पन्नास मिनिटं असतील. तिकडच्या खोलीचं, इथल्या वर्षांचं, माझ्याबद्दलचंही, जे ऐकायला सोपं नव्हतं. परत येण्याबद्दल काही नाही. ते मीही विचारलं नाही.

मध्ये दोनदाच बोललो. दोन्ही वेळा नुसतं "मग?" म्हणालो.